गावातील बाग मंडळाचे उपक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुळशी तालुक्याच्या पूर्वेकडील आमचे गाव पुणे शहराच्या इतके जवळ आले आहे, की भाताच्या खाचरांना लागूनच उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि गावठाणातल्या जुन्या घरांमागे मात्र अजून आळूची आळी आणि कढीपत्त्याची झाडे आहेत. बाग मंडळात या दोन्हीकडचे लोक एकत्र काम करतात. बैठकीत आणि येता-जाता रस्त्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

मंडळ नेमके काय काम करते?

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी बैठक व प्रात्यक्षिक, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बियाण्यांची देवाणघेवाण, पावसाळ्यात ओढ्याकाठी आणि टेकडीच्या उतारावर झाडे लावणे, गाजर गवत उपटणे, शाळेची बाग सांभाळणे, सामाईक खतखड्डे आणि अवजारांचा साठा चालवणे, ही मंडळाची कामे आहेत. यांपैकी सर्वांत जास्त मनुष्यबळ मात्र एका वेगळ्याच कामात जाते, आणि ते म्हणजे डिसेंबरपासून जूनपर्यंत लहान झाडांना पाणी घालणे. आपल्याकडे चार महिने भरपूर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. म्हणून कोणतेही नवे काम हाती घेण्यापूर्वी ‘मार्च-एप्रिलमध्ये याच्याकडे कोण बघणार?’ हा प्रश्न बैठकीत विचारला जातो, आणि त्याला नावानिशी उत्तर मिळाले तरच ते काम घेतले जाते.

सभासद होण्यासाठी स्वतःची जमीन असावी लागते का?

नाही. गॅलरीत चार कुंड्या असलेले सभासद मंडळात पुष्कळ आहेत आणि कुंडीसुद्धा नसलेले काही आहेत, जे ओढ्याकाठच्या कामाला नेमाने येतात.

मासिक बैठकीत काय होते? केवळ भाषणे असतात का?

भाषणे आम्ही मुद्दाम टाळतो. बैठक कोणाच्या तरी बागेत भरते, पहिला अर्धा तास अडचणी विचारण्यासाठी असतो (लोक किडलेली पाने, सुकलेल्या फांद्या बंद पिशवीत घालून आणतात) आणि नंतर एकच काम सर्वांसमोर करून दाखवले जाते. ऑक्टोबरमध्ये गुलाबाची छाटणी, पावसाळ्यात डाळिंबाची गुटी (झाडावरच्या फांदीलाच मुळे फोडणे), थंडीत गुलाबाचे डोळे भरणे (एका झाडाचा डोळा दुसऱ्यावर बसवणे), असे त्या त्या महिन्याचेच काम निवडले जाते.

उदाहरण म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला होणाऱ्या आंब्याच्या कोय कलमाचे सांगता येईल. रायवळ आंब्याच्या कोयी फळ खाल्ल्यावर लवकरात लवकर रुजत घालाव्या लागतात, कारण वाळून पडलेली कोय फार दिवस उगवणक्षम राहत नाही. रोप उगवून आले की त्याचा देठ कोवळा आणि तांबूस असेपर्यंतच कलम करायचे असते. ज्येष्ठ सभासद तात्या हे काम दाखवतात. ते चाकूचे पाते स्पिरिटने पुसून घेतात, रोप कोयीपासून सुमारे चार बोटे उंचीवर आडवे कापतात आणि त्या खुंटाला मधोमध दीड-दोन इंचांची उभी चीर देतात. कलमाची काडी त्याच जाडीची घेतलेली असते. तिची पाने आठ-दहा दिवस आधीच देठ ठेवून छाटलेली असतात, त्यामुळे शेंड्याचा डोळा फुगून टपोरा झालेला असतो. तिच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तासून पाचरीचा आकार देतात, पाचर चिरेत बसवतात आणि काडी वर सरकू नये म्हणून डाव्या अंगठ्याने दाबून धरून प्लॅस्टिकची पट्टी खालून वर ओढून बांधतात. या कामात बहुतेकांचे चुकते ते तासण्यात. पाचरीचा काप एकाच ओढीत सपाट व्हायला हवा. दोन-तीनदा खरवडून केलेला काप खुंटाला सर्व बाजूंनी टेकत नाही, मध्ये पोकळी राहते आणि कलम काळे पडते. त्यामुळे नव्या माणसाच्या हाती आधी आंब्याची नव्हे, तर पेरूची नाहीतर जास्वंदीची निरुपयोगी काडी दिली जाते आणि तिच्यावर हात बसू दिला जातो. ही गोष्ट वाचून येत नाही, शेजारी बसून पाहावी लागते, आणि मंडळाच्या बैठकी टिकून राहण्याचे हेच मोठे कारण आहे असे आम्हाला वाटते.

वर्षभराच्या कामांचे वेळापत्रक कसे ठरते?

इंग्रजी महिने आणि नक्षत्रे दोन्ही पाहून. जुन्या सभासदांचा हिशेब मृग, आर्द्रा, हस्त असाच चालतो आणि तो कामाचाही आहे. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागते, तोवर खड्डे, आळी, बियाणे तयार असायला हवे, एवढे त्यातून सर्वांना कळते. दसऱ्याला दारात घरचा झेंडू हवा असेल, तर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात बी टाकावे. पालेभाज्यांना हस्ताचा पाऊस ओसरल्यानंतरचा काळ सर्वांत चांगला असतो.

बियाण्यांची देवाणघेवाण कशी चालते? बी विकत मिळते का?

विकत मिळत नाही. अक्षय्य तृतीयेला वेलभाज्यांसाठी आळी करण्याची आपल्याकडे रीत आहे, म्हणून त्याच आठवड्यातील रविवारी सभासद आपापले घरचे बी कागदी पुडीत बांधून आणतात आणि पुडीवर पिकाचे नाव, बी कोणत्या महिन्यात धरले आणि ते मूळ कोणाकडून आले, या तीन गोष्टी लिहितात. वाल, घेवडा, चवळी, दोडका, दुधी, लाल भोपळा, अंबाडी, चाकवत, आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या नावाने ओळखले जाणारे मोठे गोल, पांढऱ्या पट्ट्यांचे मांजरी गोटा वांगे, हे बी बहुतेक दर वर्षी येते. पाकिटातल्या संकरित वाणाचे बी धरून आणू नये. त्याची पुढची पिढी आईबापांसारखी निघत नाही आणि ज्याने ते पेरले त्याचा एक हंगाम फुकट जातो.

सर्वांत जास्त घोटाळा वेलभाज्यांच्या बियांत होतो, कारण मधमाश्या एका बागेतला पराग दुसऱ्या बागेत नेतात. लाल भोपळ्याचे बी शुद्ध राखायचे असेल तर दुसऱ्या दिवशी उमलणारी मादीकळी, म्हणजे जिच्या मागे इवलासा भोपळा दिसतो ती, आदल्या संध्याकाळी दोऱ्याने हलकेच बांधावी आणि एक-दोन नरकळ्याही तशाच बांधून ठेवाव्यात. सकाळी लवकर नरफुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादीफुलाच्या मध्यभागी लावावा, फूल पुन्हा बांधावे आणि देठाला रंगीत चिंधी बांधून ठेवावी, म्हणजे ते फळ चुकून भाजीला जात नाही. वाल-घेवड्याला एवढी खटपट करावी लागत नाही. सुकवलेले बी राखेत घोळून ठेवण्याची आजीची पद्धत आम्ही आजही सांगतो.

याच संदर्भात कायद्याविषयी विचारले जाते. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम 2001 नुसार शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्या-घेण्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडचे नाव लावून विकण्याची मात्र मुभा नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनाबद्दल 2020 सालचा पद्मश्री पुरस्कार मिळाला. त्यांनी जे मोठ्या प्रमाणावर केले त्याचा एक लहानसा अंश आपल्या गावात व्हावा, ही आमची मनापासून इच्छा आहे.

नव्या घरासमोरच्या जागेत काहीच नीट वाढत नाही. मंडळ मदत करते का?

करते. या प्रश्नामागचे कारण बहुधा एकच असते, आणि ते म्हणजे राडारोडा. बांधकाम संपल्यावर विटांचे तुकडे, सिमेंटचा माल आणि मुरूम पसरून त्यावर बोटभर तांबडी माती टाकली जाते. रोप लावल्यावर दोन महिने ठीक दिसते आणि मूळ खाली गेले की पिवळे पडते. पहारीने दोन ठिकाणी फूटभर खणून पाहावे. खाली राडारोडा लागला तर खत घालण्यात पैसे घालवू नयेत, आधी तो काढून टाकावा, आणि ते शक्यच नसेल तर वर विटांचा कट्टा करून फूट-दीड फूट उंचीचा गादीवाफा भरावा.

जमीन मुळातली असेल, तर माती तपासून घ्यावी. नमुना घेताना जागेतील आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा करावा, त्याच्या एका बाजूची माती वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीने खरवडून घ्यावी, सगळी माती एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करत राहावे. माती सावलीत सुकवून कापडी पिशवीत भरावी. खताच्या ढिगाजवळची किंवा झाडाखालची माती घेऊ नये. पुणे जिल्ह्यात बारामती आणि नारायणगाव येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत आणि शिवाजीनगरला कृषी महाविद्यालय आहे. बरेच नमुने जमले की ते एकत्र पाठवण्याची व्यवस्था मंडळ करते.

वृक्षारोपणात मंडळ इतकी कमी झाडे का लावते?

कारण पहिल्या वर्षी आम्ही पुष्कळ लावली होती. आषाढात, भर पावसात, टेकडीच्या उतारावर मोठ्या उत्साहाने रोपे लावली गेली, शाळेची मुले आली, फोटो निघाले. पुढच्या एप्रिलमध्ये पाहिले तेव्हा निम्म्याहून अधिक रोपे वाळलेली होती. कारणे शोधली तेव्हा चूक आमचीच दिसली. खड्डे ऐन वेळी आणि उथळ खणलेले होते, मुरमात पाणी थांबत नव्हते, कुंपण नसल्याने शेळ्यांनी शेंडे खाल्ले होते, आणि पाण्याची जबाबदारी ‘सर्वांची’ असल्यामुळे ती कोणाचीच नव्हती. काही वाळलेली रोपे उपटून पाहिली, तर पिशवीत जास्त दिवस राहिल्याने त्यांची मुळे गोल गुंडाळलेली होती आणि ती तशीच राहून गेली होती. ती मुळे हातात धरून पाहिल्याचे आमच्यापैकी कोणीही विसरलेले नाही.

आता पद्धत बदलली आहे. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे मे महिन्यातच खणून त्यांना ऊन खाऊ दिले जाते, आणि पावसाच्या तोंडावर शेणखत, निंबोळी पेंड व चांगली माती मिसळून भरले जातात. रोपांची संख्या पाणी घालण्यास तयार असलेल्या माणसांच्या संख्येवरून ठरते, आणि एका माणसाकडे पाचाहून अधिक रोपे दिली जात नाहीत. लावताना पिशवी फाडून गुंडाळलेली मुळे मोकळी केली जातात. प्रत्येक आळ्यात चकाकी दिलेले नव्हे, तर साधे, पाझरणारे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरतात, त्यावर झाकण ठेवतात आणि आळे पालापाचोळ्याने किंवा भाताच्या पेंढ्याने झाकतात. मडके भरले की पाणी थेट मुळांशी हळूहळू मुरत राहते आणि उन्हाने उडून जात नाही. दुसरा उन्हाळा संपून मृग लागण्याच्या वेळी मोजणी होते, आणि मंडळाच्या वहीत तोच आकडा लिहिला जातो. लावलेल्या रोपांचा आकडा आम्ही कोणालाही सांगत नाही.

कोणती झाडे लावली जातात?

ओढ्याकाठी अर्जुन, करंज, उंबर आणि जांभूळ. उतारावर बहावा, पळस, पांगारा, काटेसावर. रस्त्याच्या कडेला ताम्हण, जे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे आणि ज्याच्या जांभळ्या फुलांनी एप्रिल-मेमध्ये सारा रस्ता बदलून जातो. वड, पिंपळ, उंबर ही झाडे घराच्या भिंतीजवळ किंवा विहिरीच्या काठाला लावण्यासाठी मंडळ रोप देत नाही. गिरिपुष्प लवकर वाढते म्हणून बरेच जण मागतात. बांधावर हिरवळीच्या खतासाठी ते ठीक आहे, टेकडीवर त्याची दाटी नको.

गाजर गवतासाठी वेगळी मोहीम कशाला?

हे तण भारतात प्रथम नोंदले गेले ते आपल्या पुण्यातच, 1950 च्या दशकाच्या मध्यावर. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते. लोक त्याला काँग्रेस गवत असेही म्हणतात. आज ते देशभर पसरले आहे. त्याच्या परागाने अनेकांना दमा आणि अंगाला खाज यांचा त्रास होतो, आणि एकेक झाड हजारो बिया टाकते, त्यामुळे ते फुलावर येण्याआधी उपटण्यालाच अर्थ आहे. जुलै-ऑगस्टमध्ये, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. फुले नसलेले गवत खतखड्ड्यात चालते, फुललेले अजिबात टाकू नये. 1984 मध्ये मेक्सिकोतून आणलेले, पाने खाणारे भुंगेरे पावसाळ्यात या गवतावर दिसतात. ते उपयोगी कीटक आहेत, त्यांना मारू नये. रिकाम्या केलेल्या जागेत आम्ही टाकळ्याचे बी फेकतो. तो दाट उगवतो, गाजर गवताला वर येऊ देत नाही आणि कोवळेपणी भाजीलाही चालतो. दमा असलेल्या सभासदांनी या कामाला येऊ नये, ही कळकळीची विनंती आहे.

सामाईक खतखड्ड्यात काय टाकता येते?

भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, देवाची फुले आणि वाळलेला पाला. दोरा, उदबत्तीच्या काड्या आणि प्लॅस्टिक काढून टाकावे. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर त्याहून जाड थर सुक्या पानांचा द्यावा, कारण वास येतो तो याच एका चुकीमुळे. गांडूळ खताच्या वाफ्यात लिंबाच्या साली आणि तिखट, खारट उरलेले अन्न टाकू नये. सुक्या पानांना काडी लावणे मंडळाला मान्य नाही; पोत्यात भरून ठेवल्यास सभासद येऊन घेऊन जातात.

रासायनिक औषधे वापरलेली चालतात का?

स्वतःच्या बागेत काय वापरावे हे ज्याने त्याने ठरवावे. मंडळाच्या जागेत मात्र ती वापरली जात नाहीत. मावा, तुडतुडे यांच्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो : दहा लिटर फवारणीसाठी अर्धा किलो कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यातून गाळावी, चमचाभर साबणाचे पाणी मिसळावे आणि संध्याकाळी फवारावे. अर्क त्याच दिवशी संपवावा. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला की पहिल्या आठवड्यातच फांदी छाटून टाकणे हाच खरा इलाज आहे.

जीवामृतही महिन्यातून एकदा सामाईक पिंपात केले जाते. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो ताजे शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून ते सावलीत ठेवतात आणि रोज ढवळतात. तीन दिवसांनी घरून कॅन आणून न्यावे.

अवजारे नेता येतात का?

येतात. कुदळ, पहार, घमेली, सिकेटर (छाटणीची कात्री), लांब दांड्याची करवत आणि फवारणीचा पंप वहीत नोंद करून तीन दिवसांसाठी मिळतो. माती लागलेले अवजार परत घेतले जात नाही.

शाळेच्या बागेत मुलांकडून काम करून घेतले जाते का?

मुले बागेत शिकतात, राबत नाहीत. प्रत्येक वर्गाला एक वाफा आहे आणि त्यात काय लावायचे ते मुले ठरवतात. मुळा आणि मेथी त्यांना आवडते, कारण ती लवकर दिसते. खणणे, फवारणी आणि करवतीचे काम मोठी माणसे करतात. पावसाळ्यात गवतात शिरण्यापूर्वी काठीने आवाज करणे आणि पायात बूट असणे सर्वांना सक्तीचे आहे, आणि साप चावल्यास कोणताही उपाय करत न बसता तडक रुग्णालयात नेण्याचे शिक्षण मुलांना पहिल्याच दिवशी दिले जाते.

मंडळाचे स्वतःचे पुष्पप्रदर्शन होते का?

अद्याप नाही. दर वर्षी जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये मोठे पुष्पप्रदर्शन भरते, तेथे आम्ही एकत्र जातो. ते भरवणारी अ‍ॅग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था 1830 मध्ये स्थापन झालेली आहे. गर्दी टाळण्यासाठी सकाळी लवकर निघावे, आणि फुलांइतकेच तेथील जुने प्रचंड वृक्ष आणि त्यांवर चढलेल्या महावेली पाहण्यासाठी वेळ राखून ठेवावा.

वर्गणी किती आणि हिशेब कोठे पाहता येतो?

वर्गणी प्रत्येक कुटुंबामागे असते आणि ती चैत्रातील बैठकीत सर्वांनी मिळून ठरवली जाते. हिशेबाची वही प्रत्येक बैठकीत टेबलावर उघडी ठेवलेली असते.

वानरे आणि मोर भाजी ठेवत नाहीत. काय करावे?

दोन्ही प्राण्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार संरक्षण आहे, त्यामुळे त्यांना इजा होईल असे काहीही करू नये. मोरांसाठी वाफ्यावर कमानी लावून जाळी ताणणे पुरते. वानरांपुढे जाळी टिकत नाही. सुरण, हळद, आले, आळू यांसारखी जमिनीखाली वाढणारी किंवा त्यांना न आवडणारी पिके वाढवणे, एवढाच मार्ग आम्हाला आजवर उपयोगी पडला आहे.

घराला अडचण होणारे झाड तोडायचे आहे. मंडळ परवानगी देते का?

मंडळाला तो अधिकार नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम 1964 नुसार आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग यांसारखी झाडे स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. अर्ज करण्यापूर्वी मंडळाला एकदा बोलवावे. पुष्कळदा एक-दोन फांद्या योग्य जागी छाटल्याने काम भागते.

सुट्टीत गावाला जायचे आहे. कुंड्यांचे काय करायचे?

मे महिन्यात हा प्रश्न रोज येतो, म्हणून मंडळाने पाणी-पाळीची वही ठेवली आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी तीत नाव लिहावे, म्हणजे जवळच राहणारा सभासद ठरवून दिला जातो, आणि तो बाहेर जाईल तेव्हा त्याच्या बागेला पाणी घालण्याचे काम आपल्याकडे येते. कुंड्या भिंतीलगत सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात आणि वर पाल्याचा थर द्यावा. आदल्या संध्याकाळी त्या सभासदाला घरी बोलावून कोणत्या कुंडीला एक तांब्या आणि कोणत्या कुंडीला अर्धा, हे हाताने घालून दाखवावे, आणि टाकीचा नळ व फाटकाची किल्ली कोठे आहे तेही सांगून ठेवावे.